थरथरणारा ठिपका

“खिडकीजवळची जागा? ती नाही मिळायची. ती पोरगी रोज असते तिथं. काल तर चार वाजेपर्यंत हलली नाही.”

अभ्यासिकेच्या दाराशी बसणाऱ्या मावशी एका गृहस्थांना सांगत होत्या. ते आपल्या मुलीचं नाव घालायला आले होते. मी जिन्याच्या वळणावर चपला काढत होते, त्यामुळे मावशींना दिसत नव्हते. खिडकीजवळची जागा माझी. आणि काल दुपारी दोनपासून चारपर्यंत मी त्या जागेवर नव्हते. मी देवळाली कॅम्पला एका बाकावर बसले होते. काल इथे असायला हवा होता तो फक्त माझा ठिपका, आणि तो पप्पांच्या फोनवर दिसतो. मावशींकडे बटणांचा साधा फोन आहे.



ठिपक्याचं आधी सांगायला हवं. माझे पप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी पॅनलसमोर बसून काट्यांवर नजर ठेवली. तिथला एक नियम त्यांच्या अंगात भिनलेला होता. पुढच्या पाळीचा माणूस येऊन समोर उभा राहिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, मग घरी कोणी आजारी असो की दारात पाहुणे असोत. ते निवृत्त झाले आणि त्यांच्यासमोरचं पॅनल गेलं. पहिले काही महिने ते गॅलरीत बसून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघायचे. टाकी भरून वाहू लागली की त्या लोकांना फोन करायचे.

त्याच वर्षी एका संध्याकाळी माझ्या फोनची बॅटरी संपली. मी कॉलेजच्या मैत्रिणीकडे प्रोजेक्ट करत बसले होते आणि साडेतीन तास कोणालाच सापडले नाही. पप्पांनी स्कूटरवरून सगळं नाशिक रोड पालथं घातलं. मी घरी आले तेव्हा ते नुसते पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा तिघांच्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. नकाशावर तीन गोल आणि प्रत्येक गोलात एकाचा चेहरा. माझ्या गोलात त्यांनी दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो लावला, दोन वेण्यांचा. ॲपला एक पिन होता आणि तो त्यांनाच ठाऊक होता. लोकेशन बंद केलं की त्यांच्या फोनवर लाल पट्टी यायची. ॲप काढायला गेलं तरी लाल पट्टी.

त्यांनी टीव्हीशेजारी फोन ठेवायला एक छोटा स्टँड आणला. मम्मी त्याला ‘यांचं पॅनल’ म्हणायची. पप्पांनी मला कधी विचारलं नाही की इथे का गेलीस, तिथे का थांबलीस. ते नुसते बघायचे. आरडाओरडा करणारे वडील असते तर मी भांडले असते. नुसतं बघणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते मला माहीत नव्हतं.

तसंही मला कोणाशीच नीट बोलता येत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथे मराठी बोललं की शिक्षा व्हायची, आणि घरी चुकून इंग्रजी वाक्य निघालं की चुलत भावंडं नक्कल करून हसायची. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं होतं. पदवी झाल्यावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचं ठरलं, म्हणजे घरात ठरलं. आमच्या कॉलनीपासून दहा मिनिटांवर एका विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. खाली बुद्धमूर्ती, वर पन्नास खुर्च्या. तिथे कोणी बोलत नाही, म्हणून मला ती आवडली. सकाळी येऊन बाटली आणि वह्या टेबलावर ठेवायच्या, खुर्चीच्या पाठीवर स्वेटर टाकायचा. एवढं केलं की जागा दिवसभर आपली.

मला हवी होती ती एकच गोष्ट. दिवसातले दोन तास, ज्यात मी कुठे आहे हे कोणालाही माहीत नसेल. कोणी मुलगा नव्हता. कुठला क्लास नव्हता, नोकरी नव्हती. हे सांगितलं तर कोणाला खरं वाटलं नसतं, कारण लपवण्यासारखं काही नसताना लपायचं कशाला, असंच कोणीही विचारलं असतं.  पण रस्त्याने चालताना आपल्या डोक्यावर दोन वेण्यांचा तो गोल चालतो आहे असं मला सतत वाटायचं. मी थांबले की तो थांबायचा.

मी कॉम्प्युटर शिकले आहे. फोनला खोटं ठिकाण सांगता येतं हे मला माहीत होतं. पण पप्पांचं ॲप हुशार होतं. ठिकाण खोटं आहे हे ते ओळखायचं आणि तेही लाल पट्टीत कळवायचं. ते ओळखू नये असं करायचं तर फोन रूट करावा लागतो, म्हणजे फोनची सर्वांत आतली मालकी आपल्या हातात घ्यावी लागते. फोन विकत घेतला तरी ती मालकी आपल्याला मिळत नाही. ती मिळवायचा एक सरळ रस्ता आहे, पण त्यात फोन आधी पूर्ण पुसला जातो. पुसला की पप्पांचं ॲप जाणार आणि लाल पट्टी येणार.

दुसरा रस्ता चोरवाटेचा होता. माझा फोन जुना झाला होता आणि कंपनीने त्याला अपडेट देणं बंद केलं होतं. शेवटच्या अपडेटनंतर त्या पिढीच्या फोनमधली एक चूक कोणीतरी शोधून काढली होती. नव्या फोनमध्ये ती बुजवली गेली, माझ्या फोनमध्ये तशीच राहिली. ती चूक मला समजली तेव्हा अंगावर काटा आला होता, ती इतकी साधी होती. फोनच्या आत एक जागा असते. तिथला कोणी उठून जातो, फोन ती जागा रिकामी धरतो आणि दुसऱ्याला देतो. पण उठून गेलेल्याची चिठ्ठी परत घ्यायची राहून जाते. ती चिठ्ठी ज्याच्या हातात असेल तो परत येऊन त्याच जागेवर बसू शकतो, आणि फोनला वाटतं की हा नवा मालकच आहे.

इंग्रजी फोरमवर यावर पानंच्या पानं चर्चा होती. तिथे बोलावं लागत नाही, लिहावं लागतं, म्हणून मी तिथे धीट होते. अकरा दिवस मी विचार केला. सामान्य ज्ञानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर धोके लिहीत गेले. फोन कायमचा बंद पडू शकतो. बँकेचं ॲप चालेनासं होऊ शकतं. ज्या प्रोग्रॅमने हे सगळं करायचं तो एका अनोळखी माणसाने लिहिला आहे. मी तो तीनदा वाचला, दोन भाग समजले आणि एक भाग समजला नाही. फोरमवर एकाने विचारलं की तुला हे कशासाठी हवंय. बॅटरी तपासायची आहे, असं मी लिहिलं. मग आणखी एकाने, ज्याच्या नावाच्या जागी नुसता आकडा होता, लिहिलं की दार उघडल्याचं तुला दिसेल, पण नंतर त्यातून कोण आत आलं ते दिसणार नाही. तेही मी वहीत उतरवून घेतलं. पानाच्या डाव्या बाजूला जागा उरली नाही. उजव्या बाजूला दोनच शब्द होते. दोन तास.

एका रविवारी भर दुपारी, अभ्यासिकेत चार-पाच जणच असताना, मी लॅपटॉपला फोन जोडला. पहिल्या तीन वेळा फोन गोठला आणि आपोआप पुन्हा सुरू झाला. चौथ्या वेळी गोठला नाही. अशा वेळी ‘मी कोण’ असं विचारायची एक आज्ञा असते. एरवी तिच्या उत्तरात अक्षरांचा आणि आकड्यांचा गुंता येतो. त्या दिवशी एकच शब्द आला, रूट. मी मान वर करून आजूबाजूला पाहिलं. पंखा फिरत होता, सगळे खाली मान घालून वाचत होते. तरी कोणीतरी मला हाक मारली आहे असं वाटत राहिलं.

ही मालकी कच्ची होती. फोन बंद करून सुरू केला की ती जाणार होती, मग पुन्हा सगळं करावं लागणार होतं. म्हणून मी फोन कधीच बंद होऊ द्यायचा नाही असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ठिपका खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवला आणि शेअर रिक्षाने देवळाली कॅम्पला गेले. तिथले रस्ते रुंद आहेत, झाडं जुनी आहेत आणि दुपारी कोणी नसतं. एका मोठ्या झाडाखाली सिमेंटचा बाक होता. तिथे बसून मी नकाशा उघडला. माझा दोन वेण्यांचा चेहरा नाशिक रोडला, विहाराच्या वरच्या मजल्यावर बसलेला होता. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो तिथे अभ्यास करत होता. मला हसू आलं. मग झाडाचा एक फोटो काढला, तर फोटोखाली नाशिक रोड असं आलं. मी ते झाड आणि ते नाव आळीपाळीने बघितलं. फोनच्या लेखी मी या बाकावर नव्हतेच. त्यानंतर मी तिथे फोटो काढले नाहीत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, रात्रीच्या जेवणाला बसलो असताना, पप्पा स्टँडवरच्या फोनकडे बघत मम्मीला म्हणाले, “ही आज हलली नाही.”

मी समोरच बसले होते.

“अभ्यास करत होती. हलेल कशाला?” मम्मी म्हणाली.

“माणूस बसल्या जागी पण हलतो. जो काटा हलत नाही तो मेलेला असतो.”

मग त्यांनी सांगितलं की शिकाऊ असताना ते दुसऱ्या एका जिल्ह्यात होते. तिथे तापमानाचा एक काटा पूर्ण पाळीभर एकाच आकड्यावर होता. आकडा चांगला होता, म्हणून सगळे खूश होते. काटा अडकलेला आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्यामागे खऱ्या मशीनचं बेअरिंग जळत होतं. “आम्ही त्या काट्याकडे बघत बघत चहा पीत होतो,” पप्पा म्हणाले. हे त्यांनी पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. मम्मी म्हणाली की आता पॅनल बंद करा आणि भाकरी खा, गार होतेय.

त्या रात्रीच मी ठरवलं की ठिपका हलला पाहिजे. त्यांना भीती वाटू नये म्हणून मी तसं केलं असं मला म्हणता आलं असतं. पण खरं म्हणजे मी पकडली जाऊ नये म्हणून केलं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दर अर्ध्या मिनिटाला ठिपका एक पाऊल टाकेल, कुठल्याही दिशेला, नेम नसल्यासारखं. उठून पाणी प्यायला जाणारा, पुस्तक आणायला जाणारा, परत येऊन बसणारा माणूस दिसेल असं मला वाटलं.

पहिल्या दिवशी तसंच दिसलं. ठिपका खुर्चीभोवती थरथरत होता. मी बाकावरून बघत होते आणि मला त्याच्याबद्दल थोडी माया वाटली. मग रोज बघायचं सोडून दिलं. मला तर कोणी बघू नये असंच हवं होतं, मीच कशाला बघत बसायचं.

तिथे माझी चूक झाली. दुपारी प्रोग्रॅम थांबवताना शेवटची जागा त्याच्या लक्षात राहायची, आणि दुसऱ्या दिवशी तो खुर्चीतून नाही तर त्या जागेवरून चालायला लागायचा. परत खुर्चीकडे यायचं असतं हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

मला ते कळलं नाही, पप्पांना मात्र दिसत होतं. एका संध्याकाळी त्यांनी सहज विचारलं की आज खाली झेरॉक्सच्या दुकानात बराच वेळ होतीस का. मी हो म्हणाले, नोट्स काढायच्या होत्या. फोनची थोडीफार चूक असेल असं मला वाटलं. दोन दिवसांनी ते म्हणाले की दुपारी रस्त्याच्या पलीकडे, त्या बंद गोडाऊनपाशी होतीस. मी म्हणाले, पाय मोकळे करत होते. त्यानंतर मी जेवताना त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. आज मी कुठे होते हे मला त्यांच्याकडून कळायचं आणि मग तिथे काय करत होते ते मी बनवून सांगायचे. ठिपका जाईल तिथे मी गेले होते असं म्हणावं लागत होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते बंद गोडाऊन, त्याचं गंजलेलं शटर, सगळं मला स्पष्ट आठवायचं. मी तिथे एकदाही गेले नव्हते.

मम्मीचं लक्ष वेगळीकडे होतं. भांडी घासताना तिने माझा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे वळवला. “काळी पडलीस बघ. अभ्यासिकेत ऊन येतं का गं? कोणी असेल तर मला सांग बाई, मी नाही यांना सांगायची.” मी म्हणाले की कोणी नाही. ती हसली आणि म्हणाली की माझी आईपण मला हेच विचारायची आणि मीपण हेच सांगायचे.

म्हणजे त्या सकाळी जिन्यात मावशींचं बोलणं ऐकलं तोपर्यंत दीड-दोन आठवडे असे गेले होते.

गृहस्थ निघून गेल्यावर मी वर आले. मावशींनी मान हलवली, रोजच्यासारखी. माझी जागा रिकामी होती. काल देवळालीहून परतल्यावर मी वर आलेच नव्हते, त्यामुळे बाटली टेबलावर आणि स्वेटर खुर्चीवर टाकलेला तसाच राहिला होता. बाटली मी काठोकाठ भरून ठेवली होती, ती अर्धी होती. स्वेटरची एक बाही उलटी झालेली होती, अंगातून घाईत काढल्यासारखी. मी ती सुलटी केली. अभ्यासिकेत रिकामी खुर्ची दिसली की कोणीतरी बसतंच, विशेषतः खिडकीजवळ. थंडी वाजली तर समोरचा स्वेटरही कोणी घालेल. असं मी स्वतःला दोन-तीनदा सांगितलं. मावशींना विचारायला हवं होतं, पण काय विचारणार? काल तिथे मीच होते का?

दीड वाजेपर्यंत मी एकच पान वाचत होते. मग प्रोग्रॅम सुरू केला, स्वेटर आणि बाटली तशीच ठेवली, आणि निघाले. त्या खुर्चीत मला बसवत नव्हतं.

बाकावर त्या दिवशी वारा नव्हता. झाडावरून शेंगा पडत होत्या आणि प्रत्येक वेळी मी मागे वळून बघत होते. शेवटी बऱ्याच दिवसांनी नकाशा उघडला. खुर्चीच्या जागी मी नव्हते. झेरॉक्सच्या दुकानात नव्हते, गोडाऊनपाशी नव्हते. नकाशा सरकवत गेले. गोडाऊनच्या मागे रेल्वेची भिंत आहे, तिच्यात एक फट आहे असं ऐकलं होतं, आणि भिंतीपलीकडे रूळ. दोन वेण्यांचा चेहरा रुळांवर होता. तो थरथरत होता. एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे, पण रूळ सोडत नव्हता.

वरच्या कोपऱ्यात चार मिस्ड कॉल दिसले, चारही पप्पांचे. अभ्यासिकेत असते असं दाखवायचं म्हणून मी फोन कायम सायलेंट ठेवायचे. नकाशावर पप्पांचाही गोल होता. तो घरातून बाहेर पडला होता आणि वेगाने सरकत होता.

मी लगेच फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. स्कूटरवर असताना ते फोन उचलत नाहीत. मग मी प्रोग्रॅम थांबवायला गेले. घाईत एकाऐवजी दोन ठिकाणी बोट लागलं. फोन गोठला. पडदा काळा झाला आणि कंपनीची खूण आली. खूण गेली, पुन्हा आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. वहीच्या डाव्या बाजूला पहिल्या ओळीत हेच लिहिलेलं होतं. आता पप्पांच्या पॅनलवर काय दिसत असेल ते मला माहीत होतं. फोन बंद झाला की ॲप चेहरा राखाडी करतं आणि तो हलत नाही. खाली लिहून येतं, शेवटचं ठिकाण.

हलत नाही तो काटा मेलेला.

मी रस्त्यावर धावत आले. पहिली शेअर रिक्षा भरल्याशिवाय निघणार नव्हती. रिक्षावाला म्हणाला की दोन शिटं आली की सुटतोच, ताई. मी एरवी अशा वेळी गप्प बसले असते. चारही शिटांचे पैसे देते, असं सांगायला तोंड उघडलं पण आवाज निघाला नाही, म्हणून बोटांनी चार असं दाखवलं आणि पुढे हात केला. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने रिक्षा काढली.

वाटेत फोन हातातच होता. खूण येत होती, जात होती. बाजूने रूळ दिसायला लागले तसं मी तिकडे बघायचं टाळलं. मग वाटलं, मी तर इथे आहे, तिकडे काय दिसणार आहे. तरी बघवलं नाही. पुलाजवळ गाडीची शिटी ऐकू आली, लांबलचक. पप्पांनी भिंतीतल्या त्या फटीतून आत जायचं धाडस केलं असेल तर? ते पासष्टीकडे झुकलेले, गुडघा धरतो, रुळांवर खाली मान घालून मला शोधत असतील तर? मी घातलेला घाट दोन तासांचा होता. त्याच्या दुसऱ्या टोकाला पप्पा असतील हे मी वहीत कुठेच लिहिलं नव्हतं.

मी गोडाऊनपाशी उतरले. शटर गंजलेलंच होतं, मला आठवत होतं तसं. भिंतीच्या फटीपाशी दोन बायका सरपण घेऊन उभ्या होत्या. इथे कोणी स्कूटरवाले काका आले होते का, हे विचारायचं होतं. त्यातली एक आपणहूनच म्हणाली की आत्ता एक जण येऊन गेले, पोरगी हरवलीय म्हणत होते, तिकडे विहाराकडे गेले.

मी धावले. विहाराच्या पायऱ्यांशी पप्पांची स्कूटर तिरकी उभी होती. किल्ली तशीच लटकत होती. पप्पा कधीच किल्ली ठेवत नाहीत.

जिन्यावर मी चपला काढल्या नाहीत. वर दाराशी मावशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. “तू खाली कधी गेलीस?” त्या हळूच म्हणाल्या. “तुझे वडील आत आलेत. तुझ्यापाशीच उभे आहेत.”

मी दारातून आत बघितलं.

खिडकीजवळच्या खुर्चीत कोणीतरी पाठमोरी बसली होती. माझा राखाडी स्वेटर घातलेला, केस माझ्यासारखे दोन बाजूंना विंचरलेले, मान पुस्तकात. माझी बाटली तिच्या हाताशी होती. तिच्या मागे दोन पावलांवर पप्पा उभे होते. हेल्मेट डोक्यावरच होतं. पँटला गुडघ्यापर्यंत रुळांमधली काळी धूळ लागली होती. ते तिला हाक मारत नव्हते. अभ्यासिकेत बोलायचं नसतं, आणि पॅनल ठीक आहे हे दिसल्यावर ते कधी आवाज करत नाहीत. ते नुसते बघत होते. तिचा खांदा श्वासाबरोबर थोडा वर-खाली होत होता आणि पप्पा तेवढंच बघत उभे होते. त्यांचा हात तिच्या डोक्याच्या वर, हवेत, थोडा थरथरत थांबला होता. मला वाटतं ते मनाशी काही म्हणत होते, कारण त्यांचे ओठ हलत होते.

मी तिथून मागे फिरले असते तर पप्पांना काहीच कळलं नसतं. ते समाधानाने घरी गेले असते. संध्याकाळी मी घरी जाऊन सांगितलं असतं की फोन बिघडला, आणि त्यांनी मान्य केलं असतं, कारण त्यांनी मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मला हवे होते ते दोन तास कायमचे माझे झाले असते. खुर्चीत कोणीतरी होतंच.

त्यांचा हात खाली यायला लागला. ती अजून वळली नव्हती.

पन्नास खुर्च्यांच्या त्या खोलीत मी कधी एक शब्द बोलले नव्हते. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, फार मोठा.

“पप्पा,” मी म्हणाले, “ती मी नाही. मी इथं आहे.”